शनिवारी आणलेली गाडी

नगर जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला शनीची भीती वेगळी शिकवावी लागत नाही. आमच्या घरापासून शिंगणापूर एस.टी.ने तासाभरावर. चौथऱ्यावर तेव्हा बायकांना चढू देत नसत, त्यामुळे शनिअमावास्येला तेलाची बाटली घेऊन वर जायचं काम आईने माझ्याकडे सोपवलेलं. थंडीत नळाखाली अंघोळ, अंगाला चिकटलेला ओला पंचा, आणि खालून आईचा आवाज, "सगळी ओत, उपडी कर, थेंब घरी आणू नको!" शिळेवरून ओघळणारं तेल आणि काकडणारे माझे गुडघे, ही माझी शनीशी पहिली ओळख.

दुसरी ओळख झाली १९९६ साली, ओहायोत. मी सॅटर्न विकत घेतली. शनिवारीच.

मुळात गाडी घेणं भागच होतं. ऑफिस नऊ मैलांवर, आणि बस दिवसातून चारदा येई, त्यातली एक रिकामीच आगाराकडे जाणारी. शेजारच्या टेबलावर एक आजीच्या वयाची बाई बसायची. तिच्याकडे सॅटर्न होती. गाडीचा विषय निघाला की तिच्या तोंडावर आषाढीहून परतलेल्या माणसाचं तेज यायचं. आणि ती खरोखरच वारी करून आली होती! जून १९९४ मध्ये सॅटर्नवाल्यांनी सगळ्या मालकांना टेनेसीतल्या स्प्रिंग हिल या गावी, कारखान्यावर बोलावलं होतं. गाडीचं माहेरपणच. चाळीस हजारांवर माणसं आपापल्या गाड्या घेऊन गेली. एकेकाने दोन-दोन दिवस गाडी हाकली, ती कशासाठी, तर ही जिथे जन्मली ती जागा बघायला. माझ्या वडिलांनी बजाजची स्कूटर बावीस वर्षं वापरली, पण तिला घेऊन आकुर्डीला जाऊन यावं असं काही त्यांना सुचलं नाही.

तिनेच मला सगळा इतिहास सांगितला. जपानी छोट्या गाड्यांनी अमेरिकन कंपन्यांच्या तोंडचं पाणी पळवलं, तेव्हा जनरल मोटर्सचे प्रमुख रॉजर स्मिथ यांनी जानेवारी १९८५ मध्ये एक नवी कंपनी काढल्याचं जाहीर केलं. थोरल्या घरात भांडणं फार, म्हणून धाकट्याला वेगळी चूल मांडून द्यावी, तसं. गाव नवं, कारखाना नवा, कामगार संघटनेशी करारही नवा, विक्रीची दुकानंसुद्धा वेगळी. 'वेगळ्या प्रकारची कंपनी, वेगळ्या प्रकारची गाडी' हे घोषवाक्य. पहिली गाडी ३० जुलै १९९० ला बाहेर पडली, ती स्मिथसाहेबांनी स्वतः चालवली, शेजारी कामगार संघटनेचे अध्यक्ष ओवेन बीबर. आणि दुसऱ्याच दिवशी स्मिथसाहेब निवृत्त! उद्घाटन करायचं आणि परिणामांच्या आत घरी जायचं, हे टायमिंग मी आजवर फक्त आपल्या बांधकाम खात्यात पाहिलं होतं.

मला सगळं पटलं. फक्त एक बाब तिने गुण म्हणून सांगितली आणि माझ्या पोटात गोळा आला. तिथे भाव करत नाहीत.

माझी आई कापडबाजारात एका परकरासाठी दुकानाची पायरी चार वेळा उतरते. पाचव्यांदा दुकानदार हाक मारतो, आणि मग दोघं एकमेकांच्या मुलाबाळांची चौकशी करतात. भाव न करता घेतलेली वस्तू आमच्याकडे चोरीच्या मालासारखी लपवून ठेवतात. आणि इथे अकरा हजार डॉलरच्या पुढचा आकडा काचेवर चिकटवलेला, तोच देऊन मुकाट्याने यायचं?

मी प्रयत्न केला नाही असं नाही.

"शेवटचं सांगा," मी म्हटलं.

"काचेवर आहे तेच," विक्रेता म्हणाला. लाल गालांचा, अतिशय भला पोरगा.

"दोन आठवड्यांनी घेतली तर?"

"तेच."

"मॅट तरी फुकट टाका."

"मॅटची किंमत इथे वेगळी लिहिली आहे, सर."

मग मी आईचं ब्रह्मास्त्र काढलं. उठलो. दरवाजाकडे चालू लागलो. ही चाल सोपी नसते. पावलं पुढे, कान मागे, आणि वेग असा की हाक मारणाऱ्याला दम लागू नये. चौथ्या पावलाला मागून धावत येणारे बूट ऐकू आले. माझं काळीज सुपाएवढं झालं. पोरगा धापा टाकत आला, माझी विसरलेली छत्री माझ्या हातात दिली, दरवाजा उघडून धरला आणि म्हणाला, तुमचा दिवस चांगला जावो.

छत्री उघडून मी पार्किंगमध्ये दोन फेऱ्या मारल्या. काचेआडून तो हात हलवत होता. तिसऱ्या फेरीला आत जाऊन सही केली.

पण खरा प्रसंग पुढेच होता. किल्ली घ्यायला गेलो तर दुकानातली झाडून सगळी माणसं, मागच्या शेडमधली हात काळे झालेली मेकॅनिक पोरंसुद्धा, गाडीभोवती कोंडाळं करून उभी. प्रत्येक नव्या मालकाला टाळ्यांच्या गजरात किल्ली द्यायची आणि त्याचा फोटो काढायचा, ही सॅटर्नची रीत. मला कुणीच कल्पना दिली नव्हती. आपल्यासाठी टाळ्या वाजत असताना चेहऱ्याचं काय करायचं हे मला माहीत नव्हतं, म्हणून मी हात जोडले. टाळ्या थांबेनात. माझा समज झाला की सत्काराला उत्तर द्यायचं असतं. घसा खाकरून मी "या प्रसंगी मला..." अशी इंग्रजीतून सुरुवातही केली, तेवढ्यात फ्लॅश उडाला. त्या पोलरॉइडमध्ये माझे डोळे मिटलेले आहेत आणि तोंड उघडं आहे. गाडी मात्र छान आलीय.

रात्री नगरला फोन लावला. कार्डावरची मिनिटं मोजून बोलायचे दिवस होते.

"कोणती घेतलीस?" आईने विचारलं.

"सॅटर्न."

"म्हणजे काय?"

दुसऱ्या फोनवरून धाकट्या भावाने गरज नसताना सांगितलं, "शनी."

पुढची वीस सेकंदं काहीच आवाज आला नाही. त्यांचेही पैसे लागले.

"ग्रहाचं नाव नाही गं," मी सावरून घेतलं, "रॉकेटचं आहे. अमेरिकेने रशियाच्या आधी चंद्रावर माणूस नेला ना, त्या रॉकेटचं."

"आणि रॉकेटचं नाव कशावरून?" पुन्हा भाऊ. "आधीच्या रॉकेटचं नाव ज्युपिटर होतं आई, गुरू. गुरूच्या पुढचा शनी, म्हणून सॅटर्न." या मुलाच्या शिकवणीचे पैसे मी भरत होतो.

आईने पंचांग ऐकवलं. माझी रास मेष. फेब्रुवारीतच शनी मीनेत गेलेला, म्हणजे साडेसाती नुकती बसलेली. "आणि आणलीस कधी?"

"आज."

"शनिवारी? शनिवारी लोखंड आणलंस घरात?"

इथे मला कंपनीचं तंत्रज्ञान कामी आलं. "लोखंड कुठाय? प्लास्टिकची आहे!" सॅटर्नचे दरवाजे आणि बाजूचे पत्रे म्हणजे पत्रे नव्हतेच, पॉलिमर होतं. बाजारातली ढकलगाडी येऊन आदळली तरी पोचा पडत नसे. आतला सांगाडा पोलादी असतो, ही गोष्ट मी दाबून ठेवली.

आई जरा वेळ गप्प झाली आणि मग रिसीव्हर बाजूला धरून वडिलांना म्हणाली, "अहो, ऐकलंत का, याला प्लास्टिकची दिलीय." तिच्या आवाजात शनीपेक्षा जास्त काळजी होती.

शेवटी तोडगा निघाला. दर शनिवारी गाडीला तेल. मी लगेच कबूल झालो, कारण ऑफिसातल्या आजीबाईंनीही मला तेच सांगितलं होतं. सॅटर्नच्या 'एस' मालिकेतली इंजिनं वय झालं की तेल प्यायला लागतात, ही मालकवर्गात सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट, तेव्हा डिपस्टिक काढून बघत जा. आमच्या गाडीने त्या बाबतीत बराच संयम पाळला, पण शनिवार मी चुकवला नाही. एका कंपनीच्या इंजिनाची सवय आणि शिंगणापूरचा विधी एकाच वारी, एकाच द्रवावर येऊन मिळावेत, याचा अर्थ मी आजतागायत लावलेला नाही.

प्लास्टिकचं कौतुक मात्र अंगाशी आलं. घरी पाहुणा आला की चहाआधी मी त्याला खाली नेऊन दाराला गुडघा मारून दाखवायचो. दार आत जायचं आणि 'टप्' करून परत यायचं. पाहुणे टाळ्या वाजवायचे, तेव्हा मला चेहऱ्याचं काय करायचं ते जमायला लागलं होतं. मग १९९८ मध्ये नाशिकचे मामा आले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त, ठेकेदाराने दाखवलेल्या कुठल्याही गोष्टीवर विश्वास न ठेवण्याची आयुष्यभराची सवय. मी गुडघा मारला. "बघू," म्हणून मामांनी मूठ वळली आणि त्यांना जवळ होतं ते बॉनेट ठोकलं.

बॉनेट, टप आणि डिकी पोलादाचे होते.

पोचा आमटीच्या वाटीएवढा, गोल, अगदी मधोमध. "हे नाही उसळत," मामांनी शेरा दिला आणि अंगठी फिरवून बघितली. पावसाचं पाणी तिथे साठायचं. चिमण्या पाणी प्यायला येऊ लागल्या.

२००१ मध्ये आई आली. पहिल्या शनिवारी सकाळी खिडकीतून बघतो तर ती साडीवर माझं जाकीट चढवून पार्किंगमध्ये, हातात तिळाच्या तेलाची बाटली आणि चिमूटभर काळे उडीद. नाकावरच्या त्या वर्तुळवाल्या चिन्हाला तिने बोट लावलं, आणि मामांच्या वाटीत तेलाची धार धरली. जागा अगदी त्याकरताच केल्यासारखी. शेजारचा म्हातारा कुत्र्याला घेऊन थांबला. त्याने मला विचारलं, इंजिनात घालायचं झाकण तिला दाखवू का?

त्या उन्हाळ्यात तिला नॅशव्हिलच्या गणपतीच्या देवळात नेलं. तिथून स्प्रिंग हिल जवळ आहे म्हटल्यावर ती स्वतःच म्हणाली, आलोच आहोत तर त्याच्याही गावाला जाऊ. मी बाहेरूनच गाडी फिरवली. पण कारखान्याच्या रस्त्याला तिला एक सॅटर्न दिसली, १९९९ पासून निघालेली कूपे, जिला ड्रायव्हरच्या मागे उलटं उघडणारं तिसरं दार असतं. आईने ते उघडताना पाहिलं आणि मान हलवली. "शिंगणापुरात घरांना एकही दार नाही, आणि यांच्यात एक जास्त."

जुलै २००२ मध्ये माझी साडेसाती संपली. आईने पेढे वाटले. त्याच वर्षी 'एस' मालिकाही बंद झाली.

खरं सांगायचं तर धाकट्याची वेगळी चूल त्याआधीच विझायला लागली होती. थोरल्या घराने सुरुवातीला पैसा ओतला, मग बाकीच्या भावांची तोंडं वाकडी झाली आणि नवी मॉडेलं यायला उशीर होत गेला. मोठी गाडी काढली ती युरोपातल्या ओपेलच्या सांगाड्यावर, डेलावेअरमध्ये. पुढे 'व्ह्यू' नावाच्या गाडीत होंडाचं व्ही-सिक्स इंजिन बसवलं. होंडाचं! ज्यांना हरवायला घर सोडलं त्यांच्याकडूनच कालवण मागून आणायचं. ते बसवल्यावर गाडी उत्तम पळायची म्हणे, हे तर आणखीच लागणारं. २००७ मध्ये स्प्रिंग हिलमधून सॅटर्न निघणं थांबलं. जनरल मोटर्सचं दिवाळं निघालं तेव्हा, जून २००९ मध्ये, पेन्स्के नावाच्या मोठ्या विक्रेत्याने सॅटर्न घ्यायचं ठरवलं. सप्टेंबरच्या ३० तारखेला तो सौदा मोडला, आणि त्याच दिवशी दुकान बंद करत असल्याचं जाहीर झालं.

भावाचा फोन आला. "१९९० ते २००९," तो म्हणाला. "किती झाली?"

"एकोणीस."

"शनीची महादशा किती वर्षांची असते, आईला विचार."

मी विचारलं नाही.

त्यानंतर वर्षभरात मी गाडी विकायला काढली. नऊशे डॉलर. बघायला आलेला मुलगा संगमनेरचा, विद्यापीठात नुकताच दाखल झालेला. दाराला गुडघा मारून दाखवला, तो खूश झाला. मग बॉनेटवरून हात फिरवून थांबला.

"काका, हा खड्डा कसला? आणि तेलकट काय लागतंय?"

"ते... घरगुती आहे."

"कंपनीही बंद झालीय. पाचशे."

"या गाडीत भाव करत नाहीत," मी म्हटलं. "कंपनीचा नियम आहे."

त्याने किल्ली बॉनेटवर ठेवली आणि बसथांब्याकडे चालू लागला. पावलं पुढे, कान मागे. बेताचा वेग. मी ती चाल ओळखली. दहा आकडे मोजायचं ठरवलं होतं, सातला हाक मारली.

सहाशेला सुटली. पैसे त्याने मोजून दिले, पण गाडी उद्या नेतो म्हणाला. "आज शनिवार ना काका, आईला चालत नाही." रविवारी सकाळी आला तेव्हा मी, बायको आणि कुत्रेवाला म्हातारा गाडीभोवती उभे होतो. किल्ली त्याच्या हातात दिली आणि आम्ही तिघांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. बायकोने फोटो काढला. तो एकदा माझ्याकडे, एकदा कुत्र्याकडे बघत राहिला, आणि टाळ्या थांबत नाहीत असं पाहून त्याने हात जोडले.