जीपला जीप म्हणायचं का? एका कॉमेंटला उत्तर

दादा, कॉमेंट वाचली, जरा तापूनच लिहिलीये तुम्ही. तुमचं म्हणणं असं की जीप हे 'जनरल पर्पज'च्या जीपीवरून आलं हे शाळेतल्या पोरालाही माहितीये आणि मी जीपवरच्या माझ्या पोस्टमध्ये ते लिहिलंच नाही, आणि दुसरं म्हणजे जीप हा ब्रँड आहे, आपल्या नाशिकच्या पेठ रोडवर सीटा भरून धावणाऱ्या काळीपिवळीला जीप म्हणणं हा अडाणीपणा.

आधी जीपीचं घेऊ. फोर्डने 1941 मध्ये अमेरिकन लष्कराला दिलेल्या मॉडेलचं नाव खरंच जीपी होतं, पण त्यातला जी म्हणजे गव्हर्नमेंट, सरकारी ऑर्डरचा, आणि पी हा फोर्डचा आतला कोड, 80 इंच व्हीलबेसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत तेवढं अंतर असलेल्या गाडीचा. पुढे फोर्डनेच विलिस नावाच्या दुसऱ्या गाडी कंपनीच्या डिझाइनवर बनवली तिचं नाव जीपीडब्ल्यू, डब्ल्यू विलिसचा. यात जनरल पर्पज कुठंय? जीपी जीपी म्हणता म्हणता जीप तोंडात बसलं असेलही, त्याला माझी ना नाही, पण शब्द त्याच्याही आधीचा. पोपाय माहितीये ना, पालक खाणारा, त्याच्या कॉमिकमध्ये 1936 ला युजीन द जीप नावाचं एक जादूचं जनावर आलं, कुठूनही कुठंही जाणारं. आणि सैनिक तर नव्या रंगरूटालाही जीप म्हणायचे आणि टेस्टिंगला आलेल्या नव्या गाडीलाही.

आता ब्रँड. पहिला प्रोटोटाइप 1940 मध्ये बनवला बँटम नावाच्या छोट्या कंपनीने, मोठ्या ऑर्डरी गेल्या विलिस आणि फोर्डकडे, आणि नंतर विलिस जाहिरातीत सांगत सुटली की जीप आम्हीच जन्माला घातली, तर तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने त्यांना त्यावरून आडवं घेतलं. तरी 1950 मध्ये ट्रेडमार्क मिळाला विलिसलाच (बँटमवाल्यांचं मला खरंच वाईट वाटतं). म्हणजे शब्द आधी शिपायांचा, कंपनीचा शिक्का मागून.

आपल्याकडं महिंद्राने विलिसच्या जीपा मुंबईत जोडायला घेतल्या तेव्हापासून ते नाव लोकांच्या तोंडी आहे, मग सातपूरच्या प्लांटमधून निघालेल्या बोलेरोला त्र्यंबकच्या स्टँडवर कोणी जीप म्हटलं तर त्यात अडाणी काय? आरसीवर कंपनीच्या रकान्यात महिंद्राच असतं की.

आणि तुम्हीच खाली लिहिलंय, 'परवा द्वारकेवर पोलिसांच्या जीपने अडवलं' (द्वारका म्हणजे आपला नाशिकचा चौक). ती कुठल्या कंपनीची होती तेवढं सांगा.