आधी आपलं

यंदा गणपतीला गुहागरला गेलो होतो. पडवीत बसलो असताना धाकटा चुलतभाऊ तावातावाने म्हणाला, "दादा, इथे आरोग्य केंद्रात सर्पदंशाची लस मिळेल याचा भरवसा नाही, आणि सरकार जगाला औषधं वाटत सुटलंय. आधी आपलं बघा ना!" सगळ्यांनी माना डोलावल्या. कुवेतला परत येऊन महिना झाला, तरी ते वाक्य डोक्यातून जात नाही.

राग याचा येतो की निदान कोकणातल्या माणसाने तरी असं बोलू नये. आमच्या वाडीत घराआड एक माणूस आखातात आहे आणि त्याची नोकरी मेडिकलवर ठरते. माझ्या मावसभावाचा क्षय लहानपणीच बरा झाला होता. एक्स-रेत जुना डाग दिसला, 'अनफिट' लिहून आलं, विषय संपला. १९९४ साली सुरतेत प्लेग आला आणि आखाती देशांनी भारताची विमानं बंद केली. सुट्टीवर आलेले शेजारचे काका खिशात इकामा (आखातात राहायचा परवाना) असून घरी बसून राहिले. सुरत कुठे, गुहागर कुठे! पण पासपोर्ट एकच. अशा वेळी समोरचा देश आपलं ऐकून घेईल एवढी पत लागते, आणि ती आयत्या वेळी मिळत नाही. औषधं पाठवली जातात ती यासाठीसुद्धा.

मे २०२१ मध्ये आपली नौदलाची जहाजं इथूनच ऑक्सिजन भरून मुंबईला गेली, ते उगाच नाही. आणि महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरून माणसं वाचवली, ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातून जगाला सांगितलं. हे आधी रायगडपुरतं ठेवा, असं तेव्हा कोणी म्हणालं का?

हे सगळं मी पडवीत बोललो. एक गोष्ट तेवढी बोललो नाही, कारण अण्णा शेजारीच दुर्वांच्या जुड्या बांधत होते, एकवीस-एकवीस मोजून.

फेब्रुवारी २०२१ मध्ये पुण्याच्या सीरमच्या कोरोना लसीचे २ लाख डोस कुवेतला आले. त्यातलाच एक मार्चमध्ये इथल्या मिशरिफच्या लसीकरण केंद्रात मला मिळाला. वीस मिनिटांत मी बाहेर, गाडीत. एप्रिलमध्ये अण्णा सकाळच्या एसटीने दोनदा लसीला गेले आणि दोन्ही वेळा 'डोस संपले' ऐकून परत आले. फोनवर म्हणाले, "तुला मिळाली ना, मग झालं." माझी लस पुण्याची होती, हे त्यांना तेव्हा सांगवलं नाही. अजून सांगितलेलं नाही.

लस बाहेर द्यायला हवी होती, हे माझं मत आजही बदललेलं नाही. पण तिसऱ्या खेपेला अण्णांना मोटरसायकलवर मागे बसवून पहाटे पाचला रांगेत नेऊन उभं केलं ते याच चुलतभावाने. टोकन हातात पडल्यावर त्याने मला फोटो पाठवला होता. सत्तेचाळीस नंबर, निळ्या पेनाने लिहिलेला, कडेला अण्णांचा अंगठा. तो फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे.