कार्थेजला बखर नाही

‘तिकडे बसून अक्कल शिकवू नकोस.’ घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे वाक्य मला आता ठरावीक दिवसांनी ऐकवलं जातं. या वेळचं निमित्त रायगड.

झालं असं की, जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. अकरा महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतला जिंजी. ग्रुपवर पेढ्यांचे फोटो पडले, मीही आनंदाने दोन-चार अंगठे उमटवले. मग मावसभावाने मुद्दा काढला: आता रायगडावरचा राजवाडा आणि राजसभा जशीच्या तशी बांधून काढा, नुसती जोती बघायला लोकांनी का यायचं? पाठोपाठ भाच्याने एआयने केलेला एक व्हिडिओ टाकला. त्यात महाराजांच्या दरबाराला राजस्थानी हवेलीचे सज्जे होते आणि खांब चक्क संगमरवरी. मी एवढंच लिहिलं की जोती आहेत तशीच राहू द्या. त्यावर अकलेचं वाक्य आलं, आणि वर, ‘आपला इतिहास शत्रूने पुसला, तो आपण उभा करायचा नाही तर कुणी?’

अकलेचं मी सोडून देतो. पण इतिहास पुसला, हे मला आता ऐकवत नाही, कारण मी ट्युनिशियात, ट्युनिसजवळच्या सालाम्बोत राहतो.

माझ्या बाल्कनीतून कार्थेजचं, रोमशी झुंजलेल्या त्या प्राचीन शहराचं, युद्धबंदर दिसतं. गोल, मध्ये बेट. ग्रीक इतिहासकार अप्पियन लिहितो की इथे २२० युद्धनौका ठेवायची सोय होती. १९७०च्या दशकात ब्रिटिश पुरातत्त्वज्ञांनी त्या बेटावर खणलं, तेव्हा नौका ओढून ठेवायच्या उतारांचे पाये खरोखर सापडले. आज तिथे चार-दोन मासेमारीच्या होड्या असतात आणि ऑगस्टात पोरं उड्या मारतात. पर्यटक माझ्याच गेटसमोर उभे राहून बंदर कुठे म्हणून विचारतात. तळ्याकडे बोट दाखवलं की त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

इ.स.पू. १४६ मध्ये रोमनांनी हे शहर घेतलं. बिर्सा टेकडीकडे चढणाऱ्या गल्ल्यांत सहा दिवस घराघरांत लढाई चालली. सहा-सहा मजली घरं, आणि सैनिक एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर फळ्या टाकून पुढे सरकत होते. शेवटी पन्नास हजार माणसं शरण आली आणि गुलाम म्हणून विकली गेली. ग्रंथालयांतली पुस्तकं रोमने आफ्रिकेतल्या शेजारच्या राजांना वाटून टाकली. एक ग्रंथ तेवढा स्वतःकडे ठेवला, मागो नावाच्या कार्थेजकराचा शेतीवरचा, अठ्ठावीस खंडांचा. सिनेटने हुकूम काढून त्याचं लॅटिन भाषांतर करवून घेतलं. पुढे मूळही गेलं आणि भाषांतरही गेलं. दुसऱ्या लेखकांनी उतरवून घेतलेले तुकडे उरले, त्यांत बैल कसे निवडावेत वगैरे आहे. सहाशे वर्षांहून जास्त नांदलेल्या शहराचा, स्वतःच्या माणसाने लिहिलेला इतिहास म्हणाल तर एकही नाही. बखर नाही, राजाज्ञा नाही, पत्रव्यवहार नाही. उरले ते बहुतेक नवसाचे आणि थडग्यांवरचे लेख, म्हणजे देवाचं नाव, बापाचं नाव, आजाचं नाव.

आणि आमच्याकडे? पुण्यात पेशवे दफ्तरात हजारो रुमाल बांधून पडले आहेत. सभासदाची बखर आहे, आज्ञापत्र आहे, शिवभारत आहे, शत्रूच्या बाजूची फारसी कागदपत्रं आहेत, इंग्रजांच्या वखारीतली पत्रं आहेत. त्यांतले मराठी कागद मोडी शिकायला सहा महिने बसलं तर वाचता येतात. इतिहास पुसला म्हणून ओरडणाऱ्या आमच्या ग्रुपवर मोडीची एक ओळ वाचू शकणारा माणूस नाही. मीही नाही, पण मी ओरडत तरी नाही.

कार्थेजचं सगळं शत्रूच्या लेखणीतून येतं, त्यांचं शौर्यसुद्धा. रोमने इ.स.पू. १४९ मध्ये आधी त्यांच्याकडून हत्यारं काढून घेतली, दोन लाख माणसांची चिलखतं-शस्त्रं आणि दोन हजार दगडफेकी यंत्रं. मग सांगितलं की शहर सोडा आणि समुद्रापासून पंधराएक किलोमीटर आत जाऊन राहा. त्यावर हे लोक उलटले. देवळांचे कारखाने केले आणि रोज शंभर ढाली, तीनशे तलवारी बनवायला लागले. यंत्रांच्या दोरांसाठी बायकांनी केस कापून दिले. हे वाचताना माझ्याही अंगावर काटा येतो. पण सांगणारा अप्पियन तीनशे वर्षांनंतरचा आणि रोमचाच नोकर. कार्थेजचा सेनापती हॅनिबल, त्याचंही तेच. किती सैन्य घेऊन इटलीत उतरलो हे त्याने स्वतः एका ब्राँझच्या पत्र्यावर कोरून ठेवलं होतं, वीस हजार पायदळ आणि सहा हजार घोडदळ. तो पत्रा ग्रीक इतिहासकार पॉलिबियसने वाचला म्हणून आकडे आपल्याला माहीत. पत्रा गेला. हॅनिबल आणि महाराज यांची तुलना करणारे मेसेज घरून अधूनमधून येतात, त्यांना मी उत्तर देत नाही. एवढंच सांगतो की हॅनिबलचे सदतीस हत्ती ऱ्होन नदी ओलांडून गेले आणि पहिल्याच हिवाळ्यात एक सोडून सगळे मेले. हे मेसेजमध्ये नसतं.

कार्थेजच्या जमिनीत रोमनांनी मीठ पेरलं, ही गोष्ट तर जगभर सांगतात. एकाही प्राचीन लेखकाने ती लिहिलेली नाही; फार अलीकडे कुणीतरी चिकटवली आणि ती पाठ्यपुस्तकांत गेली. पुण्याच्या माणसाला ही गोष्ट ऐकताना आपलं काहीतरी आठवतंच. मुरार जगदेवाने आदिलशाहीच्या वतीने पुणं जाळलं, गाढवाचा नांगर फिरवला, पहार ठोकून तिला तुटकी वहाण टांगली. आणि मग जिजाऊंनी बाल शिवाजीराजांच्या हातून सोन्याचा नांगर फिरवला. इथे फरक बघा. पुण्यात थोड्याच वर्षांत नांगर धरायला आपलाच माणूस आला. कार्थेजच्या जागेवर शंभरेक वर्षांनी नवं शहर वसवलं ते ज्यांनी जाळलं त्यांनीच. आज तिकीट काढून लोक बघतात ती अँटोनिनसची स्नानगृहं, नाट्यगृह, व्हिला, सगळं रोमन.

आता खरी गोष्ट. बिर्साच्या उतारावर प्युनिक, म्हणजे रोमनांआधीच्या कार्थेजकरांच्या, घरांची एक वस्ती आज बघायला मिळते. हॅनिबलच्या काळातली, गुडघाभर ते डोक्याइतक्या उंच भिंती, घराघराखाली पाण्याचं टाकं, सरळ काटकोनातल्या गल्ल्या. ती वाचली कशी? ऑगस्टसच्या काळात रोमनांनी टेकडीचा माथा सपाट केला आणि सगळा मलबा उतारावर ढकलला. घरं त्याखाली गाडली गेली. तो भराव अडवायला घातलेले रोमन खांब घरांच्या मधूनच वर गेलेले दिसतात, कुणाच्या स्वयंपाकघरातून, कुणाच्या दारातून. ज्याने मोडलं त्याच्याच मलब्याने राखलं. उद्या कुणी प्रेमापोटी तिथे ‘जशी होती तशी’ सहा मजली घरं उभी केली, तर ते खांब काढावे लागतील, आणि त्यांच्याबरोबर ही सगळी हकीगतही.

किनाऱ्यावर केलिबिया गावाच्या पुढे केर्कुआन हे दुसरं प्युनिक गाव आहे. पहिल्या प्युनिक युद्धात, इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या मध्यावर, ते ओस पडलं आणि रोमनांनी तिथे पुन्हा काही बांधलं नाही. १९५२मध्ये सापडलं. गावभर कमरेएवढ्या भिंती आणि पलीकडे समुद्र, बाकी काही नाही. पण जवळजवळ घरटी एक न्हाणी! उभ्याने नव्हे, बसून आंघोळ करायची. आत बसायला ओटा, पाय ठेवायला खोलगट जागा, आणि सगळ्याला लालसर गुळगुळीत गिलावा, अजून न उडालेला. मी पाठ टेकायच्या जागेवरून हात फिरवला तर रखवालदार ओरडला. बरोबरच ओरडला. जवळच्या एका घराच्या उंबरठ्यात लालसर जमिनीत पांढऱ्या खड्यांनी तानित देवीचं चिन्ह बसवलंय: खाली त्रिकोण, वर आडवी रेघ, त्यावर गोल. आपल्याकडे उंबऱ्याबाहेर रांगोळी काढतात त्या जागी. जिंकणाऱ्यांनी यांच्याबद्दल कपटी, क्रूर, पैशाचे लोभी असं काय काय लिहून ठेवलं. या न्हाणीबद्दल कुणी लिहिलं नाही, आणि मला या माणसांची ओळख झाली ती तिथेच.

हे मी ग्रुपवर लिहिलं. भाऊ म्हणाला, ‘मग तिकडच्यांनी काहीच बांधून काढलं नाही का?’ काढलंय. ट्युनिशियातल्याच दुग्ग्याची समाधी, इ.स.पू. दुसऱ्या शतकातली, एकवीस मीटर उंच. १८४२मध्ये ट्युनिसचा ब्रिटिश कॉन्सल थॉमस रीड याला तिच्यावरचा प्युनिक आणि लिबियन असा दुभाषी लेख हवा होता, म्हणून त्याने अख्खी समाधी पाडली. १९०८ ते १९१० मध्ये फ्रेंचांनी ती पुन्हा रचली. पण चिरे तिथेच पडले होते, आधीच्या प्रवाशांनी काढलेली चित्रं होती. लेख अजून लंडनमध्येच. (आमची वाघनखं निदान तीन वर्षांच्या बोलीवर साताऱ्यात आली.) रायगडाच्या दरबाराचं असं चित्र कुठे आहे? मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी राजवाडा जळाला, लाकडाचं होतं नव्हतं ते गेलं. आता बांधणार ते कंत्राटदाराच्या कल्पनेतलं. अँटोनिनसच्या स्नानगृहांत पंधराएक मीटरचा एकच खांब उभा केलाय. त्याच्याखाली उभं राहिलं की बाकीचं आपोआप कळतं.

आता कुणी म्हणेल, ट्युनिशियाचं फार कौतुक चाललंय. कार्थेजच्या राखीव जमिनीवर बंगले कसे चढले हे मी रोज बघतो, पण तो विषय वेगळा. आणि माझ्या ऑफिसातला फॉस्फेटची कागदपत्रं बघणारा सहकारी माझ्या मावसभावाचाच जुळा भाऊ शोभेल. त्याच्यापुढे टोफेट म्हणून बघा. माझ्या घरापासून चालत पाच मिनिटांवर ती जागा आहे, १९२१मध्ये सापडली. तानित देवी आणि बाल हम्मोन देव यांना वाहिलेल्या शिळा, आणि त्यांच्याखाली मडक्यांत तान्ह्या बाळांची आणि कोकरांची राख. ग्रीक-रोमन लेखक म्हणतात, हे लोक पोटची पोरं बळी देत. सहकारी तापतो: ‘या खूया (अरे भावा), ही रोमने केलेली बदनामी! मेलेली बाळं पुरायची जागा होती ती.’ २०१०मध्ये एका चमूने ३४८ कलशांतले अवशेष तपासले आणि बरीच बाळं जन्माआधी किंवा जन्मताच गेलेली होती असं मांडलं. दुसऱ्यांना ते मान्य नाही. शिळांवर मात्र शब्द नवस फेडल्याचे आहेत, देवाने हाक ऐकली म्हणून. मला विचाराल तर बळी दिले असावेत, निदान काही. हे मी त्याला सांगत नाही. लाब्लाबी (हरभऱ्याचं सूप) खाताना मान डोलावतो आणि हरिसा (मिरचीची चटणी) पुढे सरकवतो.

घरी मात्र मी एवढा जपून बोलत नाही. मावसभावाला जे फटकन सुनावतो ते इथे कुणाला सुनावायची माझी छाती नाही, कारण इथे मी पाहुणा. आणि तिकडे? दोन वर्षांतून एकदा येतो, गडावर जातो, रोपवेने. रायगड मला शाळेच्या सहलीत होता तसा हवा आहे, पायऱ्यांवर ताक विकणाऱ्या मावशीसकट. तिथे राहणाऱ्यांना पाणी हवंय, रस्ता हवाय, पर्यटक हवेत, कदाचित दरबारही हवाय. त्यांच्या गरजेपुढे माझी आठवण कशाला मोजायची, हा प्रश्न मला पडतो. तरी माझं मत बदलत नाही.

भावाने शेवटचा बाण बरोबर मारला. कोथरूडची आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली आहे, आणि संमतिपत्रावर सही करून ते पाठवणाऱ्यांत मी पहिला. ‘बापाचं घर पाडायला सही दिलीस आणि रायगडाच्या जोत्यांना हात लावू नका म्हणतोस?’ मी म्हटलं, अरे, त्या बिल्डिंगला प्लंबिंग नव्हतं धड. आणि नवीन टॉवर उभा राहिला की त्याला जुनी बिल्डिंग म्हणून कुणी तिकीट लावणार नाही. तो हसला, म्हणाला, मग विकून टाक ना, येणार आहेस का कधी?

मागोच्या उरलेल्या तुकड्यांत एक सल्ला आहे: ज्याने शेत घेतलं त्याने शहरातलं घर विकावं, नाहीतर त्याचं मन तिकडेच राहतं. तो शेतकऱ्यांसाठी होता. मी भावाला लिहिलं, विकणार नाही. पझेशन तीन वर्षांनी, अकरावा मजला. तोवर आधार कार्डावर पत्ता पाडलेल्या बिल्डिंगचाच आहे, आणि बदलायचा फॉर्म मी अजून भरलेला नाही.