पायातल्या बेड्या आणि सिग्नलवरचं लोटांगण

गेल्या आठवड्यात एकच फॉरवर्ड मला चार ठिकाणांहून आला. सोसायटीचा ग्रुप, शाळेतल्या मैत्रिणींचा ग्रुप, सकाळी सायकल चालवणाऱ्यांचा ग्रुप, आणि शेवटी सटाण्याहून आत्याचा. तिनं खाली स्वतःची एक ओळ जोडली होती: "वाचलंस का गं? तुझ्या त्या बुटांचंच आहे ना हे?"

मजकूर थोडक्यात असा. क्लिपलेस पेडल, म्हणजे सायकलचं ते पेडल ज्यात खास बूट अडकून बसतो, म्हणजे पायातल्या बेड्या. नावात 'क्लिपलेस' आणि पाय क्लिपमध्ये, म्हणजे नावापासूनच फसवणूक. पडताना पाय सुटत नाही, त्यामुळे हाड मोडणार म्हणजे मोडणारच. तीनदा आपटल्याशिवाय हे जमत नाही. आपल्या खड्ड्यांच्या रस्त्यावर हे चालत नाही. चाळिशीनंतर गुडघे जातात. हा रेसवाल्यांचा शौक आहे, साध्या माणसानं लांब राहावं. आणि अर्थातच, आपल्या माणसांपर्यंत पोहोचवा.

मी चार वर्षं हे पेडल वापरते आहे, वय एकोणपन्नास, आणि चार वर्षांत बरोबर तीनदा पडले आहे. म्हणजे फॉरवर्डमधला तो आकडा माझ्या बाबतीत खरा निघाला, हे आधीच कबूल करते. कारणं मात्र त्यानं बहुतेक चुकीची दिली आहेत.

नावाचं आधी उरकून टाकू. पूर्वी पेडलच्या पुढे धातूचा एक पिंजरा असायचा. त्याला टो-क्लिप म्हणत. त्यातून चामड्याचा पट्टा जायचा. पाय आत सरकवायचा, पट्टा आवळायचा, आणि थांबायचं असेल तर चालत्या सायकलवर खाली वाकून तो हातानं सैल करायचा. बेड्याच म्हणायच्या तर त्या होत्या. तो पिंजरा, म्हणजे ती क्लिप, गेली म्हणून नवं पेडल क्लिपलेस. हे पेडल बाजारात रुजवलं लूक या फ्रेंच कंपनीनं, १९८४ च्या सुमारास, आणि गंमत म्हणजे ही कंपनी मूळची स्कीची बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारे खटके, बनवणारी. बर्फावर घसरणारा माणूस पडला आणि पाय पिळवटला, की बाइंडिंगनं स्वतःहून बूट सोडायचा असतो, नाहीतर नडगी जाते. म्हणजे ज्या कारखान्याचं कसब पाय वेळेवर सोडण्यात होतं, त्यांनीच हे पेडल केलं. बर्नार इनो या फ्रेंच सायकलपटूनं १९८५ ची टूर द फ्रान्स हेच पेडल लावून जिंकली. त्याच टूरमध्ये तो आपटून नाक मोडून घेऊन बसला होता, पण ते शेवटच्या पट्ट्यात भरधाव जाणाऱ्यांच्या धक्काबुक्कीत. तशा ठिकाणी चपला घालून गेलं असतं तरी नाक मोडलंच असतं.

आता मुद्द्याचा मुद्दा. पडताना पाय सुटतो की नाही?

बुटाच्या तळव्याला क्लीट नावाची छोटी पट्टी स्क्रूनं बसवलेली असते. पेडलमधली स्प्रिंग तिला धरून ठेवते. टाच बाहेरच्या बाजूला वळवली की स्प्रिंग हरते आणि टक्कन पाय मोकळा होतो. सरळ वर ओढला तर सुटत नाही. सगळी मेख इथं आहे. घाबरलेला माणूस पाय वर ओढतो. त्र्यंबककडच्या भातखाचरात पाय रुतला तर आपण काय करतो? वर ओढतो. जन्माची सवय आहे ती, आणि पहिले काही दिवस पेडलवरही तीच हजर होते.

वेगात पडलं तर सायकल एकीकडे आणि आपण दुसरीकडे फेकले जातो, पाय आपोआप पिळला जातो आणि बहुतेक वेळा सुटतो. फॉरवर्ड ज्या पडण्याची भीती घालतो ते हे. नवशिके खरे पडतात ते शून्य वेगाला. माझं पहिलं पडणं नाशिकच्या जेहान सर्कलच्या सिग्नलला झालं. लाल दिवा दिसला, नेहमीसारखा ब्रेक दाबला, सायकल अगदी नीट थांबली, आणि मग आठवलं की पाय आतच आहे. त्यानंतर जे होतं ते फार सावकाश होतं. तोडलेलं झाड आडवं व्हावं तशी मी डावीकडे कलत गेले. कलताना शेजारच्या रिक्षातल्या बाईंची नजर माझ्याबरोबर खाली खाली येत होती, हेही मला दिसलं. रिक्षावाला उतरून धावत आला.

"ताई, चक्कर आली का?"

"नाही हो दादा, पाय अडकलाय."

"मग बांधला कशाला?"

याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. कोपराला खरचटलं होतं, त्याहून जास्त अब्रूला.

चालती सायकल तोल सांभाळते कारण ती जिकडे कलते तिकडे हँडल किंचित वळतं आणि चाकं पुन्हा आपल्या खाली येतात. वेग गेला की ही सोय गेली. थांबलेल्या सायकलवर आपल्याला वाचवतो तो फक्त जमिनीवरचा पाय. म्हणून पाय थांबल्यावर सोडायचा नसतो, थांबायच्या आधी सोडायचा. सिग्नल दिसला, गतिरोधक दिसला, म्हैस दिसली, की पेडलच्या दोन फेऱ्या आधीच डावी टाच बाहेर. आणि वजनही डावीकडेच जाऊ द्यायचं. डावा पाय सोडून उजवीकडे कलणारी माणसं मी पाहिली आहेत. तिसऱ्यांदा पडले तेव्हा त्यातलीच एक मी होते, आणि तेही स्वतःच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, वॉचमनला "गुड मॉर्निंग" म्हणताना.

दुसरं पडणं मला जास्त शिकवून गेलं. नांदुरीहून सप्तशृंगगडाचा घाट चढताना गिअर उशिरा बदलला. पाय जड, सायकल रेंगाळली, आणि एका वळणावर पेडल वरच्या टोकाला असतानाच सगळं थांबलं. घाटात पाय सोडायचा निर्णय दम संपायच्या आधी घ्यावा लागतो. दम संपल्यावर निर्णय घेण्याइतकंही बळ उरत नाही.

फॉरवर्डला न्याय म्हणून एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती त्यात असायला हवी होती आणि नाही. पाय खरोखरच न सुटण्याचा एक प्रकार आहे. क्लीटचे स्क्रू सैल झाले आणि त्यातला एक गळून पडला, तर टाच वळवल्यावर बूट उरलेल्या स्क्रूभोवती फिरतो आणि क्लीट पेडलमध्ये जागच्या जागी राहते. कितीही पिळा, सुटत नाही. आमच्यातल्या एकाचं गंगापूर धरणाच्या रस्त्यावर असं झालं. त्यानं शेवटी बुटाचे पट्टे उघडून पाय बाहेर काढला आणि उरलेला रस्ता एका पायात मोजा घालून चालला, बूट पेडलला लटकलेला. महिन्यातून एकदा अॅलन की घेऊन ते स्क्रू आवळून बघायला दोन मिनिटं लागतात. एसपीडी पद्धतीच्या, म्हणजे दोन स्क्रूच्या छोट्या, क्लीटला आवळायचा जोर ५ ते ६ न्यूटन मीटर सांगितलेला असतो. घरच्या भाषेत, घट्ट, पण दात ओठ खाऊन नव्हे.

हाड मोडण्याचं म्हणाल तर ते बहुधा पेडलमुळे मोडत नाही, पुढे केलेल्या हातामुळे मोडतं. पडताना पंजा जमिनीवर टेकवला की सगळा भार मनगटावर आणि तिथून गळपट्टीच्या हाडापर्यंत जातो. शून्य वेगाला पडत असाल तर हँडल सोडू नका, सायकलसकट आडवे व्हा. मांडी, दंड, खांदा यांवर मार वाटला जातो. ऐकायला विचित्र वाटतं, पण माझी तिन्ही पडणी खरचटण्यावर भागली ती यामुळेच. मात्र ज्यांची हाडं ठिसूळ झाली आहेत त्यांनी हा सल्ला माझ्याकडून घेऊ नये. खुब्यावर पडणं त्यांना परवडणारं नाही. पाळी गेल्यानंतरच्या वयातल्या बायकांनी तर आधी डॉक्टरांशी बोलावं आणि मग बूट घ्यावेत. इथं फॉरवर्डची भीती पोकळ नाही.

"तीनदा आपटल्याशिवाय जमत नाही" हे मात्र कोणी तरी आपल्या आळसावर घातलेलं पांघरूण आहे. मी सराव केलाच नव्हता. बूट आले त्याच दिवशी गंगापूर रोडला निघाले. नंतर भाचीला शिकवलं ते असं: भिंतीला एक हात लावून सायकलवर बसायचं, डावा पाय आत, बाहेर, आत, बाहेर, पन्नास वेळा, मग उजवा. मग रिकाम्या मैदानात हळू चालवत प्रत्येक दहा मीटरला थांबायचं. पेडलची स्प्रिंग छोट्या अॅलन कीनं अगदी सैल करून ठेवायची. नवशिक्यांसाठी टाच कशीही हलवली तरी सुटणारी क्लीटही मिळते, शिमानो या जपानी कंपनीची एसएच५६. पेठेतल्या दुकानात मागाल तर आधी दुसरीच हातात देतील, म्हणून नंबर लक्षात ठेवा. भाची अजून एकदाही पडलेली नाही आणि हे ती मला आठवड्यातून एकदा तरी ऐकवते.

रस्त्यांबद्दल फॉरवर्ड उलटं बोलतो. खड्ड्यात आदळलं की साध्या पेडलवरून पाय उडतो, विशेषतः पावसात ओल्या तळव्यानं, आणि मग पेडलची कड नडगीला बसते. क्लीट असली की पाय जागेवर राहतो. आपल्याकडची खरी अडचण वेगळीच आहे. डांबराची कड आणि बाजूची साइडपट्टी यांत वीतभर फरक असतो. तुम्ही नीट पाय सोडून डावीकडे टेकवायला जाता आणि जमीन जिथं असायला हवी तिथं नसते. गिरणाऱ्याकडे टोमॅटोचा ट्रॅक्टर मागून हॉर्न देत आला की हाच प्रसंग येतो. मी आता कडेच्या हातभर आतच थांबते, मागच्याला काय बोलायचं ते बोलू दे. दुसरं, काळी माती. पावसाळ्यात शेताच्या बांधावर पाय टेकवला की क्लीटमध्ये लगदा बसतो आणि पेडल ती धरतच नाही. रोड सायकलच्या मोठ्या प्लास्टिकच्या क्लीटचं तर फारच वाईट होतं. दोन स्क्रूची, बुटाच्या तळव्यात बुडलेली एसपीडी क्लीट त्यापेक्षा बरी, शिवाय ती घालून मिसळ खायला बिनधास्त चालत जाता येतं.

गुडघ्यांचं अर्धं खरं आहे. क्लीट वाकडी बसवली तर पाय रोज हजारो वेळा त्याच चुकीच्या कोनात फिरतो आणि गुडघा महिन्याभरात बोलायला लागतो. म्हणून क्लीटमध्ये थोडी ढिलाई, म्हणजे पाय जागच्या जागी किंचित फिरण्याची मोकळीक, असते. शिमानोच्या रोड क्लीटमध्ये पिवळीला ६ अंश, निळीला २, लालला शून्य. पहिल्यांदा घेणाऱ्यानं लाल घेऊ नये, दुकानदारानं ती कितीही "प्रोफेशनल" आहे म्हणून सांगितली तरी.

आणि आता आमच्याच लोकांना दोन शब्द. या फॉरवर्डला उत्तर म्हणून सायकलच्या ग्रुपवर लगेच दुसरा आला: "क्लिपलेसनं तीस टक्के जास्त ताकद मिळते, पेडल वरही ओढता येतं." तोही पुढे पाठवू नका. एकसारख्या, मध्यम वेगात मोजून पाहिलं तर साध्या आणि क्लिपलेस पेडलमध्ये ठळक फरक दिसत नाही, आणि मुरलेले सायकलस्वारही पेडल खरं तर खालीच ढकलतात. फायदा आहे तो पाय न घसरण्याचा, उठून जोर लावताना वाटणाऱ्या खात्रीचा, आणि चार-पाच तासांच्या राइडमध्ये पाय कुठं ठेवायचा हा विचारच न करावा लागण्याचा. मला तेवढ्यासाठी तीन पडणी महाग वाटली नाहीत.

राहिला रेसवाल्यांचा शौक. या शहरातल्या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची रॅम शर्यत दोघांच्या गटात पूर्ण केली, जवळजवळ ४,८०० किलोमीटर. दोघेही डॉक्टर, व्यवसाय सांभाळून सायकल चालवणारे. तेव्हा नाशिकमध्ये रेसवाला आणि साधा माणूस यांतली रेघ काढायला जरा जपूनच. पण आत्याला मी एवढंच लिहिलं की माझं पेडल एका बाजूनं सपाट आहे. सोमेश्वरच्या पुढे रस्ता मोकळा झाला की मी क्लिपची बाजू वर करते, आणि गावात शिरताना सपाट. रविवार कारंजाला तर उतरून सायकल हातात धरून चालते.