आंबा, उष्णता आणि मुरुमे: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मुरुमांवरच्या माझ्या लेखातील "खाण्याचा आणि मुरुमांचा काहीही संबंध नाही" या वाक्यावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत: आंबे सुरू झाले की पुतणीच्या गालांवर उष्णतेचे फोड उठतात हा आपला दरवर्षीचा अनुभव आहे, आणि तो झटकून टाकणे हा आयुर्वेदाचा अनादर आहे.

पहिल्या आक्षेपात तथ्य आहे. माझे विधान सरसकट होते. ते मी मागे घेतो. त्याचा आधार अमेरिकेतील १९६९ सालचा प्रयोग होता, ज्यात ६५ जणांना चॉकलेटची आणि बिनकोकोची वडी देऊन पाहिली, तेव्हा फरक आढळला नाही. परंतु दुसऱ्या वडीतही साखर व स्निग्धांश जवळजवळ तेवढेच असल्याने सुटका झाली ती कोकोची, साखरेची नव्हे. पुढे २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातील ४३ तरुणांवरच्या १२ आठवड्यांच्या चाचणीत, रक्तातील साखर झपाट्याने न वाढवणारा आहार घेणाऱ्यांची मुरुमे अधिक कमी झाली. तेव्हा आमरसाची तिसरी वाटी अगदीच निरपराध आहे, असे मी म्हणणार नाही.

तरीही काल खाल्लेला आंबा आज गालावर उगवत नाही. वयात येताना अँड्रोजेन संप्रेरकांमुळे तैलग्रंथी जास्त तेल स्रवू लागतात, केसाच्या मुळाजवळील नळीत मृत पेशी चिकटून तिचे तोंड बुजते आणि आत जिवाणू वाढून सूज येते. फोड दिसण्याआधी हे बुजणे कित्येक आठवडे चाललेले असते. ब्लॅकहेडचे काळे टोकसुद्धा मळाचे नसते. तो निघाला की टोकाखाली पांढुरकी, मेणासारखी काडी दिसते. म्हणूनच आपण सुचवलेला दिवसातून पाच वेळा साबण आणि वर लिंबाची फोड, यांनी कातडी सोलवटेल, नळी मोकळी होणार नाही.

आयुर्वेदाविषयी म्हणाल, तर सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात या पिटिकांना 'मुखदूषिका' म्हटले आहे, त्यांना काटेसावरीच्या काट्यांची उपमा दिली आहे (सावरीच्या खोडावरून हात फिरवलेल्याला ती लगेच पटेल) आणि कारणे सांगितली आहेत कफ, वात व रक्त. पित्ताचे नाव तेथे नाही. 'अंगातली उष्णता' घराघरांतली आहे. ती सुश्रुताच्या माथी मारू नये.

शेवटी आपण ज्या 'चार दिवसांत चेहरा साफ करणाऱ्या' ट्यूबची शिफारस केली आहे, तिच्यावर बेटामेथासोन किंवा क्लोबेटासोल अशा एखाद्या स्टेरॉइडचे नाव छापले आहे का, ते कृपया आजच पाहावे. स्टेरॉइडने सूज तात्पुरती बसते, पण त्वचा पातळ होते आणि पुढे त्यामुळेच मुरुमे उठतात. पुतणी ती बरेच दिवस लावत असेल, तर ट्यूब सोबत घेऊनच तिला त्वचारोगतज्ज्ञांकडे न्यावे.