आ करा!

दाताच्या डॉक्टरवर विश्वास का बसत नाही? कारण आपलं तोंड आपल्यालाच दिसत नाही. तापाला थर्मामीटर आहे, बीपीला मशीन आहे. दाढेच्या बाबतीत मात्र ते म्हणतील तेच खरं. दादरला आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी मला तीन दाढा किडल्याचं सांगितलं. समोरच्या बिल्डिंगमधल्या एसी क्लिनिकने त्याच तोंडातून सात शोधून काढल्या. एसीचं बिल कोण भरतं ते तेव्हा कळलं. मेडिक्लेमवाल्यांच्या लेखी तर दात शरीरात बहुतेक येतच नाहीत. अपघातात पडले तर गोष्ट वेगळी.

मी गल्लीतले डॉक्टर निवडले. रूट कॅनल ठरलं. "दुखलं तर डावा हात वर करा काका." इंजेक्शन झालं. ओठ बधिर, जीभ बधिर, हनुवटीसुद्धा बधिर. ठणकणारी दाढ तेवढी टक्क जागी. (सुजलेल्या जागी आम्लता वाढते आणि भुलीचं औषध नीट लागू पडत नाही, असं म्हणतात. हे ज्ञान खुर्चीत काही कामाचं नाही.) मी डावा हात वर केला. असिस्टंट मुलीने तो अलगद धरून खाली ठेवला. "झालंच काका."

मग डॉक्टर मुळांच्या आत बारीक फाइल, म्हणजे सुईएवढी कानस, फिरवू लागले. मध्येच 'टक्' असा आवाज आला. डॉक्टर थांबले, असिस्टंटकडे बघितलं, आणि रेडिओ मोठा केला.

मुळांत भरतात त्याला गटापर्चा म्हणतात. मलायाकडच्या झाडांचा चीक. १८७० साली सुएझहून एडनमार्गे मुंबईपर्यंत समुद्राखालून तार टाकली, तिच्यावरही आवरण याचंच होतं. ती तार खाऱ्या पाण्यात निमूट पडून राहिली. माझी दाढ चकली दिसली तरी बोलायला लागली. वर कॅप झिरकोनियाची, तिला दहा वर्षांची वॉरंटी. "आणि आतल्या दाढेला?" मी विचारलं. डॉक्टर नुसते हसले. वॉरंटी कार्ड आमच्याकडे मिक्सरच्या कार्डाला लावून ठेवलंय.

दुखणं थांबेना, म्हणून एसीवाल्यांकडे गेलो. त्यांनी तोंडात डोकावून सुस्कारा सोडला. "हे कोणी केलं?" बाथरूमच्या लाद्या बघायला आलेला गवंडीही हेच, याच सुरात विचारतो, आणि आधीच्या गवंड्याच्या वतीने आपणच मान खाली घालतो. एक्स-रे निघाला. एका मुळात तळाशी एक जास्तीची पांढरी रेघ. "फाइलचं टोक तुटून राहिलंय. त्यांनी सांगितलं नाही?" सांगितलं होतं की, रेडिओवरून! आता दाढ काढा आणि इम्प्लांट बसवा, असा सल्ला पडला. इम्प्लांटचा आकडा ऐकून दाढ क्षणभर दुखायची थांबली.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "नायरला जा रे, मुंबई सेंट्रलला. महापालिकेचं डेंटल कॉलेज आहे. तिथली पोरं शिकत असतात, विकत काही नसतात."

तिथे एका शिकाऊ मुलीने इतक्या काळजीने तोंड तपासलं की मलाच अवघडल्यासारखं झालं. मग तिने हाक मारली, "सर, जरा येता का?" खुर्चीत आडव्या पडलेल्या माणसाला यापेक्षा भयंकर वाक्य ऐकू येत नाही. सर आले. एक्स-रे उजेडात धरला. "टोक आहे, पण खाली पू नाही, हाड चांगलं आहे. राहू दे तिथेच, अधूनमधून एक्स-रे काढून बघत जाऊ. दुखतंय ते कॅपमुळे." एक रंगीत कागद दाढांमध्ये ठेवून चावायला लावलं. कॅपवर निळा ठिपका उमटला. ती उंच बसली होती. तोंड मिटलं की सगळा भार तिच्यावर. चार वेळा घर्रर्र करून घासली, संपलं. मग सरांनी बाकीच्या पोरांना बोलावलं, "या रे, तुटलेली फाइल बघून घ्या." पोरं एक्स-रेभोवती जमली. माझ्याकडे कोणी बघेना, तरी मी आ करूनच होतो.

आता चकली खातो. परवा भाजीवाल्याकडे गल्लीतले डॉक्टर भेटले. "काय काका, दाढ काय म्हणते?" भांडण जिभेवर तयार होतं.

"मस्त!" मी म्हटलं.

"मग काकूंनाही आणा एकदा. चेकअप फ्री आहे."