ठोके चुकले म्हणजे बायपास फसली?

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ठिकाणांहून आला. पहिल्यांदा दाजींनी पाठवला, मग सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग वीज मंडळातल्या आम्हा निवृत्तांच्या ग्रुपवर, आणि शेवटी मिरजेच्या भाचीनं, ‘मामा, हे खरंय का?’ असं विचारत. सगळ्यांना मीच का आठवलो ते उघड आहे. मार्चमध्ये माझी बायपास झाली आणि तिसऱ्या दिवशी ठोके बिघडले, हे सगळ्या गोतावळ्याला ठाऊक आहे.

मेसेज लाल अक्षरांत, वर जोडलेले हात. सार असं: बायपासनंतर ठोके अनियमित झाले म्हणजे ऑपरेशन फसलं, डॉक्टर ते लपवतात. रक्त पातळ करायची गोळी ठोके सुधारताच बंद करा, नाहीतर मेंदूत रक्तस्राव होईल. रोज तीन शहाळी, उपाशीपोटी लसूण आणि अर्जुनसालीचा काढा घ्या. धडधड वाढली की जोरजोरात खोका. आणि तीन महिने अंथरूण सोडू नका.

मी डॉक्टर नाही. छत्तीस वर्षं उपकेंद्रात ऑपरेटर होतो, दर तासाला मीटर बघून लॉगशीट भरली. दवाखान्यातही तीच खोड गेली नाही, दिसेल त्याला प्रश्न विचारत राहिलो. जे कळलं आणि नंतर जे वाचलं, त्यावरून हे लिहितोय.

‘ठोके बिघडले म्हणजे ऑपरेशन फसलं.’

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी खुर्चीत बसून चहा पीत होतो. आयसीयूतून वॉर्डात आणून चार तास झाले असतील. एकाएकी छातीत कुणीतरी पिठाची चाळणी हातावर आपटावी तसं सुरू झालं, आणि आपटणं तालात नाही, कसंही. मॉनिटरवर १३८, मग १५१, मग १२६, पुन्हा १४४. आमचा सगळा जन्म विजेच्या ५० हर्ट्झ वारंवारतेवर नजर ठेवण्यात गेला, काटा ४९.९०च्या खाली घसरला की फोन खणखणायला लागायचे. इथं आकड्याला धरबंधच नव्हता. मला वाटलं, आटोपलं. सिस्टरनं आधी हातातला कप काढून घेतला, मला आडवं केलं, ईसीजी काढला आणि म्हणाली, ‘काका, एएफ आहे. तिसरा दिवस ना, येतं असं.’ पहिल्या पावसात फीडर ट्रिप झाला की आम्ही ज्या सुरात बोलायचो, अगदी तोच सूर.

एएफ म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात आणि खालचे कप्पे त्यामागं कसेही धावतात. बायपास झालेल्या साधारण चौघांत किंवा तिघांत एकाला हे होतं. झडपेचं ऑपरेशन असेल तर प्रमाण त्याहून जास्त. येतं ते बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. म्हणजे मेसेज लिहिणाऱ्याच्या हिशेबानं जगभरातल्या पाव ते एक तृतीयांश बायपास फसलेल्या असायला हव्यात.

मग होतं कशानं? छाती उघडलेली, हृदयाभोवतीचं आवरण कापलेलं, त्यामुळं आत सूज. शरीर घाबरलेलं, रक्तात अ‍ॅड्रेनलिनचा पूर. अंगात पाणी साचलेलं आणि ते काढायला लघवीची इंजेक्शनं, त्यातून पोटॅशियम आणि मॅग्नेशियम वाहून जातं. माझं पोटॅशियम त्या संध्याकाळी ३.४ निघालं. ऑपरेशननंतर ते ४च्या वर असावं, असा त्यांचा दंडक होता.

आमचे सर्जन म्हणाले, ‘नळाचं काम झालंय, वायरिंग रुसलंय.’ ही उपमा मला अर्धीच पटली. वायरला इन्सुलेशन असतं. हृदयाच्या वरच्या कप्प्यांत मात्र स्नायूच वायर आहे, एका पेशीतून दुसरीत वीज सरळ जाते. तो स्नायू सुजला, ताणला की लाट ठरल्या वाटेनं न जाता जिथं वाट मिळेल तिथं गरगरत राहते. पण उपमेतला मुख्य भाग बरोबर आहे. पायातली शीर किंवा छातीतली धमनी घेऊन अडलेल्या जागेपुढं जोडतात ते काम वेगळं, आणि ठोक्यांची व्यवस्था वेगळी. एक बिघडली म्हणून दुसरं फसलं, असं होत नाही.

एक गोष्ट मेसेजवाल्याच्या बाजूनं सांगायला हवी. ठोके बिघडण्यामागं कधीकधी जोडलेली शीर बंद पडणं, हृदयाभोवती पाणी साचणं, जंतुसंसर्ग अशी कारणं असूही शकतात. म्हणूनच तर डॉक्टर ‘येतं असं’ म्हणून गप्प बसत नाहीत. माझा ईसीजी झाला, रक्त गेलं, दुसऱ्या दिवशी ईको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली. कारण शोधणं आणि ऑपरेशन फसलं म्हणून हाय खाणं, यात फरक आहे.

मग ताल परत आणायला अमिओडॅरॉनची ड्रिप, वेग आवरायला मेटोप्रोलॉल आणि पोटॅशियम. पोटॅशियम शिरेतून जाताना हात मनगटापासून कोपरापर्यंत जळतो, हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. सिस्टरनं वेग कमी केला तेव्हा बरं वाटलं. एकतीस तास ते चाललं. पहाटे पाचच्या सुमाराला जाग आली, मॉनिटरकडं पाहिलं तर ७८. थोड्या वेळानं पुन्हा ७८. मग ७७. मी तो आकडा उजाडेपर्यंत बघत पडलो होतो.

बहुतेकांचं असंच होतं. अमेरिका आणि कॅनडातल्या दवाखान्यांचा एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. ऑपरेशननंतर एएफ झालेल्या ५२३ रुग्णांचे दोन गट केले. एकात नुसता ठोक्यांचा वेग आवरला, दुसऱ्यात अमिओडॅरॉन देऊन आणि लागलंच तर शॉक देऊन ताल परत आणला. साठ दिवसांनी पाहिलं तर पहिल्या गटात ९३.८ टक्के आणि दुसऱ्यात ९७.९ टक्के लोक मागच्या तीस दिवसांत एएफशिवाय होते. दोन्ही गटांचे दवाखान्यातले दिवसही जवळपास सारखेच.

‘डॉक्टर लपवतात’ म्हणावं तर माझ्या संमतीपत्रावर ‘हृदयाचे ठोके अनियमित होण्याची शक्यता’ असं छापलेलं होतं. मी न वाचता सही केली.

‘गोळी ठोके सुधारताच बंद करा.’

मला विचाराल तर सगळ्या मेसेजमध्ये हा मुद्दा माणूस मारणारा आहे, कारण तो अर्धा खरा आहे. या गोळीनं रक्तस्रावाचा धोका वाढतो हे खरंच. बायपासवाल्याला वर अ‍ॅस्पिरिनही असते, त्यामुळं अधिकच. शौचाला डांबरासारखं काळं झालं, हिरड्यांतून रक्त थांबेना, डोक्याला मार लागला, तर लगेच कळवायचं, हे आमच्याकडून घोकून घेतलं होतं. गुडघे दुखले म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन आणायचं नाही, हेही.

पण गोळी देतात कशासाठी? डाव्या वरच्या कप्प्याला कानाच्या पाळीसारखी एक छोटी पिशवी असते. कप्पा थरथरत राहिला की त्या पिशवीत रक्त साकळतं आणि गुठळी धरते. गंमत अशी (गंमत कसली), की ताल परत आल्यावरही कप्प्याचं आकुंचन पूर्वीच्या जोमावर यायला दिवस, कधी आठवडे लागतात. नेमकं तेव्हाच ती गुठळी सुटून मेंदूकडं जाऊ शकते. म्हणजे ‘ठोके सुधारले, आता कशाला’ असं वाटतं तो काळ गोळी सोडायचा अजिबात नसतो. शिवाय एएफ परत आलं तर दर वेळी कळतंच असं नाही. आमच्याबरोबर फेरतपासणीला आलेल्या एका मावशींच्या होल्टरमध्ये, म्हणजे चोवीस तास ठोके नोंदवणाऱ्या यंत्रात, तीनदा एएफ सापडलं, आणि त्यांना पत्ताच नव्हता.

ऑपरेशननंतरच्या एएफसाठी ही गोळी साधारण साठ दिवस देऊन मग पुन्हा विचार करायचा, अशी आताची रीत आहे. पुढं चालू ठेवायची का, हे वय, रक्तदाब, मधुमेह, आधी झालेला पक्षाघात यांवर ठरतं. मला एपिक्साबॅन होती, सकाळ-संध्याकाळ. शेजारच्या बेडवरच्या पाटीलकाकांची झडप धातूची. त्यांना असिट्रोम ही रक्त पातळ करायची दुसरी गोळी, तीही जन्मभर, आणि रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी आयएनआरची तपासणी. हा मेसेज वाचून त्यांनी गोळी सोडली तर? धातूच्या झडपेवर गुठळी धरायला फार दिवस लागत नाहीत. मेसेज पुढं ढकलणाऱ्यानं एवढं एक डोळ्यांसमोर आणावं.

आणि याच्या उलट बोलणारेही भेटतात, ‘अहो, येतं-जातं, काही नसतं.’ तेही चूक. एकदा असं झालेल्या माणसाला पुढं एएफ होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त राहते. म्हणून फेरतपासणी चुकवायची नाही.

‘तीन शहाळी, लसूण, अर्जुनसाल.’

पोटॅशियम कमी पडलं की ठोके बिघडतात, हे कुणीतरी अर्धवट ऐकलं असावं. पण घरी येताना बायपासवाल्याच्या पिशवीत बहुधा रॅमिप्रिलसारखी रक्तदाबाची गोळी असते, काहींना स्पायरोनोलॅक्टोन ही लघवीची गोळीही. दोन्ही शरीरातलं पोटॅशियम वाढवतात. एका भरलेल्या शहाळ्यात सहज अर्धा ग्रॅम पोटॅशियम असतं. अशी तीन रोज, आणि मूत्रपिंड जरा मंद असेल तर? पोटॅशियम फार वाढलं तर हृदय मंदावतं, थांबूही शकतं. मी डॉक्टरांना विचारून, रक्त तपासून, आठवड्यातून दोनदा अर्धं शहाळं पितो. उरलेलं अर्धं नातवाचं.

लसूण फोडणीत खुशाल घाला. उपाशीपोटी मुठीनं खाल्ली तर अ‍ॅस्पिरिन आणि रक्त पातळ करायच्या गोळीच्या जोडीनं रक्तस्रावाला हातभार. अर्जुनाला आयुर्वेदात हृदयासाठी जुना मान आहे, त्यावर माझा वाद नाही. पण काढा घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका. आणि असिट्रोमवाल्यांनी मेथी-पालक एकदम बंद करायची नाही की एकदम रोज सुरू करायची नाही. रोजचं प्रमाण सारखं राहू द्यायचं, नाहीतर आयएनआर हलतो.

‘जोरजोरात खोका.’

हे पिल्लू १९९९ पासून ईमेलवर फिरतंय, तेव्हा ते हार्ट अटॅकसाठी होतं, आता ठोक्यांना जोडलंय. कॅथ लॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफीच्या खोलीत, डॉक्टर समोर असताना, मॉनिटर लावलेला असताना, क्वचित रुग्णाला खोकायला सांगतात. घरी एकट्यानं करायचा तो उपाय नव्हे, अमेरिकन हार्ट असोसिएशननंही तसं स्पष्ट केलंय. त्यात आमचं छातीचं हाड तारेनं शिवलेलं, जुळायला दोन-तीन महिने. साधा खोकला आला तरी उशी छातीशी कवटाळून खोकायचं असतं. इथं म्हणे जोरजोरात!

अंथरुणाबद्दल एवढंच, की मला एएफ असतानासुद्धा वेग आवरल्यावर दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपीच्या ताईंनी कॉरिडॉरमध्ये चालवलं. पडून राहिलं की पायात गुठळ्या धरतात, फुप्फुसांत कफ साचतो. जड उचलायचं नाही, एका हातानं दार ओढायचं नाही, मोटारसायकलला हात लावायचा नाही. चालायचं मात्र रोज.

मेसेजमध्ये नसलेला एक भाग सांगतो, कारण भाचीचा खरा प्रश्न तोच होता: घरी आल्यावर भीती कशी आवरायची?

पहिले पंधरा दिवस रात्री वाईट जातात. डाव्या कुशीवर वळलं की ठोका कानात ऐकू येतो. मध्येच एक चुकतो, पुढचा धाडकन बसतो. हे सुटे ठोके, एक्टोपिक म्हणतात त्यांना, चांगल्या माणसालाही येतात. एएफमध्ये सलग, कशाचाच कशाला मेळ नसतो. मी मनगटावर तीन बोटं ठेवून घड्याळाच्या सेकंदकाट्यावर पूर्ण मिनिट मोजायला शिकलो. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं नाही, ठोके विस्कळीत असले की तो हिशेब चुकतो. रक्तदाबाचं घरगुती यंत्रही तेव्हा दर वेळी वेगळं सांगतं, म्हणून लागोपाठ दोन-तीनदा घ्यायचं. मुलानं ईसीजीवालं मनगटी घड्याळ दिलंय. ते एएफ ओळखायला मदत करतं, पण हार्ट अटॅक त्याला कळत नाही.

मदत कधी मागायची, हे डॉक्टरांनी लिहून दिलं ते फ्रिजवर चिकटवलंय. बसल्या जागी ठोके १२०च्या वर आणि खाली येईनात, तर त्यांना फोन. छातीत दुखणं, धाप, चक्कर, घेरी, तर थेट १०८. तोंड वाकडं झालं, एक हात गळाला, बोलणं अडखळलं, तरीही १०८, आणि सुरू कधी झालं ती वेळ लिहून ठेवायची. पक्षाघातात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देता येतं.

बाकी मला दिवसातून दोनदाच नाडी मोजायची परवानगी आहे, सकाळी उठल्यावर आणि संध्याकाळी. त्याचं कारण मीच. दुसऱ्या आठवड्यात मी एका रात्रीत सव्वीस नोंदी केल्या होत्या, वेळेसकट, लॉगशीटसारख्या रकाने पाडून. फेरतपासणीला ती वही सरांपुढं ठेवली. त्यांनी दोन पानं चाळली आणि हिच्याकडं बघून म्हणाले, ‘वहिनी, यांची ड्युटी संपवा.’ त्या रात्रीपासून वही कपाटात आहे आणि ऑक्सिमीटर तांदळाच्या डब्यात. मला माहीत आहे तिथं आहे ते, पण तांदूळ उपसायची हिंमत होत नाही.